चौथं पाऊल

दर शनिवारी दुपारी तीन वाजता मी वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर जाऊन चार नंबरच्या कॉम्प्युटरसमोर बसायचो. 'नवशिक्यांसाठी अ‍ॅनिमेशन' असा तो वर्ग होता, बारा शनिवारांचा. आम्ही आठ जण होतो, सगळे पन्नाशीच्या अलीकडचे-पलीकडचे. शिकवणारी मुलगी माझ्या पुतणीच्या वयाची असेल, पण पहिल्या दिवसापासून सगळे तिला बाईच म्हणायला लागले. तिचा आवाजच तसा होता.

"आधी कागद, मग कॉम्प्युटर," बाई म्हणाल्या. "तीन आठवडे कुणी माउसला हात लावायचा नाही. काय घडणार, कुठे घडणार, किती वेळात घडणार, हे चौकोनांत काढा. ज्याला कागदावर सांगता येत नाही, त्याला मशिनला काय सांगता येणार?"

मला हे पटलं. मी दाबमापकं तपासतो. कारखान्यांतल्या बॉयलरवरून काढलेली तबकड्यांची मापकं आमच्या प्रयोगशाळेत येतात आणि त्यांचा काटा खरं बोलतो का, ते मी बघतो. सव्वीस वर्षं हेच. संशय घेणं हा माझा स्वभाव नाही, नोकरी आहे, असं मी बायकोला सांगत असतो. ती म्हणते, नोकरी पाच वाजता सुटते.

बाकीच्यांनी मजेचे विषय घेतले होते. माझ्या शेजारी तीन नंबरवर एक दंतवैद्य बसायचे. त्यांच्या गोष्टीत एक दाढ ब्रशला घाबरून तोंडभर पळत सुटते. सांगतानाच त्यांना इतकं हसू यायचं, की शेवट आम्हाला कधी नीट कळला नाही. माझा विषय मात्र तसा नव्हता. मला माझ्या वडिलांना बाथरूमपर्यंत न्यायचं होतं.

बाबा कटिंग मास्तर होते. माणूस दारातून आत आला की टेप न लावता त्याचं माप सांगायचे, आणि मग टेप लावून स्वतःचंच बरोबर आहे हे दाखवायचे. आदल्या वर्षी त्यांना मेंदूचा झटका आला. हातपाय सावरले. बोलणं कमी झालं. पण एक गोष्ट गेली ती गेलीच: कशानंतर काय करायचं याचा क्रम. खुर्चीतून उठायचे आणि उठल्यावर पुढे काय, ते त्यांना सापडायचं नाही. तसेच उभे राहायचे. कधी कधी उशीर व्हायचा, आणि मग ते मान खाली घालून बसायचे. आयुष्यभर दुसऱ्याच्या पँटची शिवण बघितलेला माणूस स्वतःच्या ओल्या पँटकडे बघत बसायचा, आणि ते मला बघवायचं नाही.

व्यायाम करून घेणारे डॉक्टर म्हणाले, "पायांत काही दोष नाही. क्रम दाखवा. रोज, तोच, तसाच." आम्ही कागदावर चित्रं काढून भिंतीला लावली. बाबांनी ती एकदा पाहिली आणि तोंड फिरवलं. "हालत नाही," एवढंच म्हणाले. हालणारं चित्र हवं होतं. वर्गाची जाहिरात बायकोने आणून दिली. ती औषधांच्या दुकानात काम करते. दुकानासमोरच वाचनालय आहे.

मी आठ चौकोन काढले. म्हातारा खुर्चीत बसलाय. उठतो. काठी घेतो. सात पावलं चालतो. दिव्याच्या बटणाला हात लावतो. दिवा लागतो. दार उघडतो. आत जातो. एकूण चौदा सेकंद. बाबांच्या खोलीत मी खरंच टेपने मोजलं होतं: खुर्चीपासून बाथरूमपर्यंत अकरा फूट, त्यांची सात पावलं. चित्राला मापही ठरवलं: एका इंचाला पडद्यावरचे चार ठिपके. बाबांची उंची पाच फूट सहा, म्हणजे म्हातारा दोनशे चौसष्ट ठिपके उंच. बाई हसल्या. "इतकं कुणी करत नाही," म्हणाल्या.

"ते टेप लावून बघतात," मी म्हटलं.

खोली मी स्टुलावर उभं राहून बघितल्यासारखी काढली, म्हणजे जमीन सगळी दिसावी. डावीकडे खुर्ची, मागे कपाट आणि खिडकी, उजवीकडे बाथरूमचं दार, त्याच्या शेजारी बटण. म्हाताऱ्याला बाबांचा तपकिरी स्वेटर घातला. चौथ्या शनिवारी माउसला हात लागला. त्या प्रोग्रॅममध्ये काही टाइप करावं लागत नाही. 'एक पाऊल पुढे जा', 'एक सेकंद थांब', 'हे सात वेळा कर' असे रंगीत ठोकळे एकाखाली एक जोडायचे. बटणाला वेगळा ठोकळा लावला: 'म्हातारा मला टेकला की दिवा लाव.' प्रत्येक पावलाला काठीचा टक् असा आवाज घातला.

सहाव्या शनिवारी पहिली चाचणी घेतली. मी चित्र सुरू करणारा हिरवा झेंडा दाबला. म्हातारा उठला. काठी घेतली. टक्, टक्, टक्. चौथं पाऊल टाकलं, आणि भिंतीकडे सरकला. थांबला. दोन अंक मोजावेत एवढा वेळ. मग पुन्हा मूळ रेषेवर येऊन उरलेली तीन पावलं चालून गेला, दिवा लावला, आत गेला.

"हे कशासाठी?" बाईंनी मागून विचारलं.

"मी नाही केलेलं."

"नवशिक्यांचं असं होतं. एखादा ठोकळा खाली कुठेतरी चिकटलेला असतो." त्यांनी माझ्या खांद्यावरून वाकून सगळे ठोकळे वरपासून खालपर्यंत वाचले. मग खुर्ची ओढून बसल्या आणि पुन्हा वाचले. बाजूला सरकण्याचा ठोकळा कुठेच नव्हता. "मशिन आपल्याला हवं ते करत नाही," त्या सावकाश म्हणाल्या, "आपण सांगितलेलं करतं." पण त्यांचा चेहरा हे वाक्य नेहमी म्हणताना असतो तसा नव्हता.

दंतवैद्य त्यांच्या दाढेकडे बघून हसत होते. मला त्यांचाच संशय आला. ते वर्गाला माझ्याआधी येत, आणि विनोदाची हौस असलेला माणूस कुठवर जाईल सांगता येत नाही. पुढच्या शनिवारी मी अडीच वाजताच जाऊन बसलो. दंतवैद्य तीन वाजून दहा मिनिटांनी आले, थेट आपल्या जागेवर बसले. चाचणी घेतली. चौथं पाऊल, भिंतीकडे, दोन अंक.

मग मी बाईंवर संशय घेतला. शिकवण्याची एखादी युक्ती असेल. मुद्दाम चूक पेरायची आणि विद्यार्थ्याने ती शोधायची. मी सरळ विचारलं. बाई दुखावल्या नाहीत, उलट जरा घाबरल्यासारख्या झाल्या. "मी तुमची फाइल घरी नेऊन बघितली," म्हणाल्या. "मला ते सापडलं नाही. सापडलं असतं तर सांगितलं असतं."

रविवारी सकाळी मी घरच्या लॅपटॉपवर सगळं नव्याने केलं. जुनी फाइल उघडलीच नाही. म्हातारा पुन्हा काढला, खोली पुन्हा काढली, ठोकळे कागदावरून एकेक जोडले आणि जोडला की कागदावर टिंब केलं. स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली, बायकोने काहीतरी विचारलं, मी हो म्हटलं. झेंडा दाबला.

चौथ्या पावलाला म्हातारा भिंतीकडे सरकला.

मी ते चित्र बंद केलं नाही, कारण तेवढ्यात बाबा माझ्या मागे येऊन उभे राहिले होते. स्वतः उठून, स्वतः चालून. ते पडद्याकडे बघत होते. "परत," म्हणाले. मी परत लावलं. सात-आठ वेळा लावलं. मग ते आपल्या खोलीत गेले, खुर्चीत बसले, उठले, काठी घेतली आणि बाथरूमला गेले. एकटे. आतून पाण्याचा आवाज आला तेव्हा बायको ओट्याला टेकून रडत होती.

माझं काम झालं होतं. इथेच सोडून द्यायला हवं होतं. पण मी खोलीच्या दारात उभा राहून बाबांना येता-जाता बघितलं होतं, आणि चौथ्या पावलाला ते भिंतीकडे सरकले होते.

आठवडाभर मी स्वतःची समजूत घातली, की चित्रात बघितलं तेच ते करतायत. बाकी सगळं जसं दाखवलं तसं केलं, तसंच हेही. मग प्रश्न उरला चित्राचा. दिवसभर आम्ही दोघं कामावर, आणि घरात बाबांना सांभाळणाऱ्या मावशी असायच्या. वर्षभर होती ती आमच्याकडे. हलक्या हाताची, बाबांशी भरपूर बोलणारी. लॅपटॉप टेबलावर असायचा. संशयाला एवढं पुरतं.

मी लॅपटॉपला पासवर्ड घातला. मग टेबलावर त्याच्या चारही कोपऱ्यांशी पेन्सिलीने बारीक खुणा केल्या. तिसऱ्या दिवशी कामावरून आलो तेव्हा मावशी पिशवी भरून तयार उभ्या होत्या.

"दादा, त्या पेन्सिलीच्या रेघा माझ्यासाठी आहेत का?"

मी म्हणालो, "मावशी, लॅपटॉपवरचं ते चित्र तुम्ही कुणाकडून बदलून घेतलंत का? रागावत नाही, सांगा फक्त."

"मला मोबाइलचं घड्याळ लावता येत नाही."

"मग बाबा तिथे का थांबतात?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "ते तर आधीपासून थांबतात. तुमच्या चित्राच्या आधीपासून. मी त्यांना धरून न्यायची ना, तेव्हाही."

"मग सांगितलं का नाही?"

"घरच्यांना ठाऊक असेल म्हटलं." त्यांनी पिशवीचे बंद हातात गुंडाळले. "तुम्हीही थांबता की. ताईसुद्धा."

मला राग आला. राग कसला, ते आता सांगता येतं. तेव्हा मी त्याला तिच्या खोटेपणाचा राग समजलो. उद्यापासून येऊ नका असं मी तिला सांगितलं. चपला घालताना तिने बाबांच्या खोलीकडे एकदा बघितलं, आणि गेली.

बायकोला कळलं तेव्हा तिने हातातली बशी खाली ठेवली. "तुझं डोकं ठिकाणावर आहे का? ती बाई बाबांचं अंग पुसायची. तू तिच्याभोवती पेन्सिलीच्या रेघा काढल्यास?"

"तिच्याभोवती नाही, लॅपटॉपभोवती."

"तेच ते," ती म्हणाली.

मी आठ दिवसांची रजा काढून घरी राहिलो. बाबांच्या खोलीत मी मुद्दाम खुर्चीपासून दारापर्यंत चालून बघितलं. चौथ्या पावलाला काहीच झालं नाही. लक्ष ठेवून चाललं की माणूस सरळच चालतो. मोबाइल कपाटावर ठेवून दिवसभराचं चित्रण करावं असं मनात आलं. केलं नाही. का नाही, हे स्वतःला विचारलंही नाही.

बुधवारी दुपारी बाबा बाथरूममधून परतत होते. ऊन खिडकीतून जमिनीवर पडलं होतं. ते मधेच भिंतीला लागून उभे राहिले, काठी अंगाजवळ घेतली. मी खुर्चीशेजारी स्टुलावर होतो.

"बाबा, कशाला थांबता?"

"जाऊ देतो."

"कुणाला?"

एखाद्या गिऱ्हाइकाने खुळ्यासारखं काही विचारल्यावर बघायचे, तसं त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग नजर माझ्यावरून काढून समोरच्या उन्हात ठेवली, आणि ती नजर हळूहळू डावीकडून उजवीकडे गेली. तिचा वेग चालण्याचा होता.

"उंची पाच एक," बाबा म्हणाले. झटका आल्यापासून इतकं स्पष्ट मी त्यांच्या तोंडून ऐकलं नव्हतं. "खांदा चौदा. डावा खांदा उतरता आहे, तिथे पॅड घालावं लागेल." मग म्हणाले, "कापड मात्र ओळखू येत नाही."

माझी गेलेली आई असावी, असा विचार कुणाच्याही मनात येईल. माझ्या आला. पण आई बाबांपेक्षा दोन बोटं उंच होती, आणि लग्नाच्या फोटोत त्यासाठी बाबांना पाटावर उभं केलेलं आहे. आमच्यातलं, शेजारपाजारचं, ओळखीचं पाच फूट एक इंचाचं मला कुणी आठवेना. आम्ही त्या घरात राहायला येऊन चौदा वर्षं झाली होती. आधी तिथे कोण होतं, ते घर विकणाऱ्यालाही नीट माहीत नव्हतं.

शनिवारी सकाळी मी वर्गाला जायच्या आधी शेवटची चाचणी घ्यायला बसलो. आमच्या प्रयोगशाळेत एखादं मापक काही केल्या खोटा आकडा दाखवत असेल, तर आम्ही त्याला सगळ्या नळ्यांपासून सोडवतो. दाबच नाही म्हटल्यावर काटा शून्यावर यायला हवा. शून्यावर आला नाही तर मापक बिघडलंय. सोपं आहे.

मी म्हातारा पुसून टाकला. पात्रांच्या यादीत एकही पात्र उरलं नाही. खुर्ची, कपाट, खिडकी, दार, बटण. रिकामी खोली. झेंडा दाबला.

काठीचा आवाज आला नाही. काहीच हललं नाही. मी कोपऱ्यातले सेकंद बघत होतो. आठ. नऊ. दहा.

अकराव्या सेकंदाला दिवा लागला.

मी बटणाचा ठोकळा उघडून वाचला. 'म्हातारा मला टेकला की दिवा लाव.' म्हातारा नव्हता. मी ठोकळ्यातला 'म्हातारा' हा शब्द काढून तिथे 'कुणीही' घातला, म्हणजे निदान वाक्य तरी खरं होईल. पुन्हा चालवलं. अकरावा सेकंद, दिवा. सहा वेळा चालवलं आणि सहा वेळा वहीत लिहिलं. वही आजही माझ्याकडे आहे. अक्षर पहिल्या ओळीपासून सहाव्या ओळीपर्यंत बदलत गेलेलं दिसतं.

बायको दुकानात गेली होती. पलीकडच्या खोलीत बाबांच्या खुर्चीचा आवाज झाला. ते उठले असावेत.

त्या प्रोग्रॅममध्ये आणखी एक ठोकळा आहे. बाईंनी तो आम्हाला दहाव्या शनिवारी शिकवला होता. 'जे टेकलं त्याची उंची दाखव.' दंतवैद्यांनी तो दाढेसाठी वापरला होता.

मी तो बटणाला जोडला.

झेंडा दाबला.

आठ. नऊ. दहा.

दिवा लागला. पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात एक पांढरी चौकट उघडली. तिच्यात आकडा होता. २४४.

चारने भागायला मला वेळ लागला. एकसष्ट. एकसष्ट इंच.

पलीकडून काठीचा आवाज येत होता. टक्. टक्. टक्. टक्.

मग थांबला.

मी एक, दोन, मोजलं. मग आवाज पुन्हा सुरू झाला.

मी फाइल पुसली. कचरापेटीतूनही पुसली. मग लॅपटॉप बंद करून बाबांच्या खोलीत गेलो, आणि ते बाथरूममध्ये असतानाच त्यांची खुर्ची, पलंग, कपाट सगळं एकट्याने ओढून दुसऱ्या भिंतीला लावलं. कमरेत उसण भरली ती महिनाभर राहिली. बाबा बाहेर आले, खोली बघितली. त्यांना नव्या वाटेने खुर्चीपर्यंत नेलं. वाट सरळ होती, भिंत लांब होती. ते थांबले नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी मावशींच्या घरी गेलो. त्या दारात उभ्या राहून ऐकत होत्या. मी म्हणालो, माझी चूक झाली. कशाची चूक, हे मी सांगितलं नाही आणि त्यांनीही विचारलं नाही.

"येते," त्या म्हणाल्या. "बाबांसाठी येते. खोली हलवलीत ना?"

मी मान हलवली. खोली हलवल्याचं मी त्यांना सांगितलेलं नव्हतं.

"बरं केलंत," मावशी म्हणाल्या.

नंतरचे तीन आठवडे चांगले गेले. बाबा दिवसातून चार वेळा आपले आपण जाऊन येत. क्रम त्यांच्या अंगात बसला होता. आता चित्र लागत नव्हतं. एक दिवस त्यांनी मावशींच्या ब्लाउजच्या बाहीत चूक काढली, आणि बायको फोनवर मला ते सांगताना हसत होती. मी त्यांच्या पावलांकडे लक्ष ठेवून असायचो. ते कुठेच थांबत नव्हते. मी कमरेला पट्टा बांधून कामावर जायला लागलो, आणि मापकांचे काटे शून्यावर येताना बघून मला बरं वाटायचं.

वर्ग संपल्यावर बाईंनी सगळ्यांची कामं दाखवायचं ठरवलं. रविवारी सकाळी अकराला, वाचनालयाच्या खालच्या सभागृहात, घरच्यांना घेऊन या. मी माझं काम पुसलंय असं त्यांना फोनवर सांगितलं.

"माझ्याकडे प्रत आहे ना," बाई म्हणाल्या. "मी घरी नेली होती ती. आणि तुम्हाला एक सांगू? ते आता नीट चालतंय. मी काहीही केलं नाही. गेल्या तीन आठवड्यांत कितीदा लावून बघितलं. म्हातारा सरळ जातो."

मी नको म्हणालो. त्या म्हणाल्या, सगळ्यांत उपयोगी काम तुमचंच आहे, लोकांना बघू दे. बायकोनेही तेच म्हटलं. म्हातारा सरळ जातो, हे माझ्या डोक्यात बसलं होतं. मलाही ते डोळ्यांनी बघायचं होतं.

बाबांना मावशींपाशी ठेवून आम्ही दोघं गेलो. सभागृहात साठेक माणसं होती. खिडक्यांचे जाड पडदे ओढले होते, तरी कडांमधून ऊन येत होतं. आम्ही चौथ्या रांगेत, भिंतीच्या टोकाला बसलो. मी अगदी भिंतीला, माझ्या डाव्या हाताला बायको. तिच्या पलीकडे एक खुर्ची रिकामी होती, तिच्यावर तिने पर्स ठेवली. त्यापलीकडे एक आजी, मग एक जोडपं, आणि वाटेच्या कडेला दंतवैद्य, कडक इस्त्रीच्या शर्टात.

दाढ तोंडभर पळाली. लोक खूप हसले. दंतवैद्यांनी अर्धवट उठून सगळ्यांना हात केला. मग माझं नाव पुकारलं गेलं आणि पडद्यावर बाबांची खोली आली. जुनी, खुर्ची डावीकडे असलेली.

म्हातारा उठला. काठी घेतली. टक्, टक्, टक्.

मी श्वास धरून बसलो. चौथं पाऊल पडलं. म्हातारा सरळ गेला. पाचवं, सहावं, सातवं. बटणाला हात लावला, दिवा लागला, दार उघडून आत गेला. टाळ्या झाल्या. बाई पुढच्या रांगेतून वळून माझ्याकडे बघत होत्या, बघा, सांगितलं होतं की नाही, अशा चेहऱ्याने. लोकांनी पुन्हा लावा म्हटलं. बाईंनी पुन्हा लावलं. मी श्वास सोडला, आणि डावीकडे बायकोशी काही बोलावं म्हणून मान वळवली.

टक्, टक्, टक्, टक्. म्हातारा सरळ चालत होता.

रांगेच्या टोकाला दंतवैद्यांनी पडद्यावरची नजर न काढता गुडघे एका बाजूला घेतले. चित्रपट सुरू झाल्यावर उशिरा आलेल्या माणसाला आत जायला जागा देतात तसे. मग जोडप्यातल्या नवऱ्याने पाय मागे ओढले. मग त्याच्या बायकोने. आजींनी काठी आडवी होती ती उभी धरली.

माझ्या बायकोने खुर्चीवरची पर्स उचलून मांडीवर घेतली. तिचं लक्ष पडद्याकडेच होतं.